आधी तिचं रक्त, मग रक्ताची बाटली

नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात मागे एक माउली भेटली. उमरेडकडची. शेजारी चौदा वर्षांची लेक खाली मान घालून बसलेली, भर उकाड्यात ओढणी पाठीवरून घट्ट लपेटलेली. लेकीच्या पाठीच्या कण्याला बाक आला होता. ऑपरेशन ठरलं होतं, तारीख मिळाली होती. बापानं कामावरून सुट्टी घेतली होती, धाकट्याला मामाकडे धाडलं होतं, काकानं गावाहून दोन रक्तदाते आणले होते. सगळी तयारी झाली. आणि आदल्या दिवशी सांगण्यात आलं, "मुलीचं हिमोग्लोबिन साडेआठ आहे. ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल."

माउली रडवेली झाली होती. म्हणाली, "दोन माणसं आणली नं रक्त द्याले, मंग रक्त कमी हाय असं कसं म्हणून राह्यले बाप्पा डॉक्टर?"

मैत्रिणींनो, तिचा हा प्रश्न भाबडा वाटेल. पण आपल्यापैकी कितीजणींना त्याचं नीट उत्तर देता येईल? ऑपरेशन म्हटलं की घरादाराची धावपळ होते ती रक्ताच्या बाटलीसाठी. रक्तगट कोणाचा जुळतो, रक्तपेढीत ओळख कोणाची आहे, भाऊजी येतील का, मित्र येतील का... पण ज्या पोरीचं ऑपरेशन आहे तिच्या स्वतःच्या अंगात रक्त किती, हा प्रश्न आपण शेवटच्या दिवशी विचारतो. तोवर फार उशीर झालेला असतो. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

पाठीचा बाक म्हणजे काय?

वाढीच्या वयात, साधारण दहा ते अठरा वर्षांच्या दरम्यान, काही मुलामुलींचा कणा एका बाजूला झुकतो आणि पिळल्यासारखा वळतो. डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक वेळा त्याचं नेमकं कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्यानं झालं, वाकडं बसल्यानं झालं, गरोदरपणी आईनं काही केलं म्हणून झालं, यातलं काहीही खरं नाही. तेव्हा आयांनो, आधी स्वतःला दोष देणं थांबवा.

शंभरातल्या दोन-तीन मुलांमध्ये थोडाफार बाक आढळतो. त्यातल्या बहुतेकांना नुसतं लक्ष ठेवावं लागतं. बाक मध्यम असेल आणि वाढ अजून बाकी असेल तर पट्टा, म्हणजे ब्रेस, लावतात. एक्स-रेवर मोजलेला बाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला की ऑपरेशनचा विचार करतात. इतका मोठा बाक मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतो. म्हणजे हा प्रश्न मुख्यतः आपल्या लेकींचा आहे. आणि त्यांच्या बाबतीत एक नाही, दोन गोष्टी एकाच वयात येतात. कणा झुकतो तो उंची झपाट्यानं वाढण्याच्या वयात, आणि त्याच वयात पाळी सुरू होते. वाढत्या अंगाला लोह जास्त लागतं आणि दर महिन्याला ते अंगावरून जातही असतं. मिळकत तेवढीच आणि खर्च दुप्पट, असा हा संसार!

आपल्या देशात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात ५४ होतं. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर जाणारी लेक आधीच अशक्त असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. हे माहीत असूनही आपण शेवटच्या दिवसापर्यंत थांबतो, हेच खटकतं.

रक्ताचा साधा हिशेब

कण्याचं ऑपरेशन म्हणजे अपेंडिक्ससारखं छोटं काम नव्हे. पाठीवर लांब चीर घेऊन मणक्यांमध्ये स्क्रू बसवतात, त्यांना सळया जोडून कणा शक्य तितका सरळ करतात. कित्येक तास चालतं. हाडातून रक्त झिरपत राहतं. ते कमी करण्यासाठी भूलतज्ज्ञ आणि सर्जन औषधं वापरतात. काही ठिकाणी वाहिलेलं रक्त यंत्रातून धुऊन रुग्णाला परत देतात. तरीही रक्त जातंच.

आता हिशेब करू या. किशोरवयीन मुलीच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असतं. चाळीस किलोची पोर असेल तर झालं सुमारे २८०० मिलिलिटर, म्हणजे पावणेतीन लिटरच्या आसपास. ऑपरेशनमध्ये ७०० मिलिलिटर गेलं तर अंगातलं पाव रक्त गेलं. समजा त्यामुळे हिमोग्लोबिन तीनानं उतरलं. साडेबारावर असलेली पोर साडेनऊवर येईल, थकेल पण सावरेल. साडेआठवर असलेली पोर साडेपाचावर येईल. तिला बाटल्यांवर बाटल्या लावाव्या लागतील. ऑपरेशन तेच, सर्जन तोच. फरक फक्त इतकाच, की निघताना एकीच्या गाठोड्यात शिदोरी होती, दुसरीच्या नव्हती.

"मग आधीच बाटली चढवा नं!" असं कोणी म्हणेल. ज्या वेळी जिवावर बेततं त्या वेळी दुसऱ्याचं रक्त हे जीवनदान असतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते टॉनिक नाही. त्याची रिअॅक्शन येऊ शकते. तपासणी काटेकोर असली तरी संसर्गाचा धोका अगदी शून्य होत नाही. आणि मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बाहेरच्या रक्तामुळे अंगात काही प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि पुढं तिच्या बाळंतपणात ती बाळाला त्रास देऊ शकतात. म्हणून जे रक्त तिचं शरीर स्वतः तयार करू शकतं, ते आधी तिलाच तयार करू द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१० सालच्या ठरावात आणि पुन्हा २०२१ साली हेच सांगितलं आहे की ऑपरेशनपूर्वी रुग्णाचा रक्तक्षय शोधा, त्यावर उपचार करा, रक्त वाया जाऊ देऊ नका.

आणि हो, घाबरून पैसे घेऊन रक्त देणारा माणूस कधीही गाठू नका. १९९८ पासून त्याला देशात बंदी आहे, आणि असं रक्त धोक्याचंही असतं.

आकडा बरा, पण कोठार रिकामं

हिमोग्लोबिन बाराच्या वर असलं की आपण निश्चिंत होतो. पण हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातला डबा. त्यामागे लोहाचं एक कोठार असतं. कोठार आधी रिकामं होतं, डबा नंतर. या कोठाराची तपासणी म्हणजे फेरिटिन. हिमोग्लोबिन १२.२ आणि फेरिटिन अगदी तळाला, अशा मुली खूप असतात. ऑपरेशनमध्ये रक्त गेलं की नवीन रक्त बनवायला त्यांच्याकडे कच्चा मालच नसतो. मग पोरगी महिनोन्महिने थकलेली राहते, पायऱ्या चढताना धापते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात ऑपरेशननं पोर कामातून गेली!

फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता नक्की. मोठ्या ऑपरेशनपूर्वी बरेच तज्ज्ञ ३० च्या खालचा आकडाही कमीच धरतात. अंगात ताप किंवा संसर्ग असेल तर मात्र हा आकडा खोटा चढतो, म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्यावा. आपलं काम एवढंच, की ज्या दिवशी ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी विचारायचं, "डॉक्टर, हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन करायचं का?" विचारण्यात कमीपणा नाही.

आपल्या विदर्भाची वेगळी गोष्ट

इथं एक धोक्याची सूचना. रक्त कमी म्हणजे लोह कमीच, असं विदर्भात तरी धरून चालू नका. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेल आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते १९५८ साली. म्हणजे ही माहिती काही नवी नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ज्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं ठरलं.

सिकलसेलचा आजार असलेल्या मुलीचं रक्त कमी असतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. तिच्यात लोह कमी आहे हे तपासल्याशिवाय लोह देत राहिलं तर ते अंगात साठून अपाय करू शकतं. शिवाय सिकलसेल असेल तर भूल देताना आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर वेगळी काळजी घ्यावी लागते. पाणी कमी पडू द्यायचं नाही, गारठा लागू द्यायचा नाही, प्राणवायू कमी होऊ द्यायचा नाही. थॅलेसेमियाच्या वाहक मुलींमध्येही हिमोग्लोबिन थोडं कमी असतं आणि पेशी लहान दिसतात, पण तिथं दरवेळी लोहाचा दोष नसतो. म्हणून सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर लोह सुरू करण्याआधी ती करून घ्या. झाली असेल तर तिचं कार्ड फाइलीत सगळ्यांत वर ठेवा. आणि पोर नुसती वाहक असेल तर घाबरू नका. तिला लोह कमी असल्यास लोह देता येतं.

गोळी: कधी, कशी, किती दिवस

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी आपल्या ओळखीची आहे. हा कार्यक्रम २०१२ पासून चालू आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. पण ती आठवड्याची गोळी बचावासाठी आहे. ज्या पोरीचं रक्त आधीच कमी आहे तिला उपचाराचा डोस लागतो, तो डॉक्टर ठरवतात. "शाळेतली गोळी चालूच आहे नं" म्हणून गप्प बसू नका.

लोहाची गोळी चहासोबत घेणं म्हणजे एका हातानं द्यायचं नि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. आपल्याकडे उठल्या उठल्या चहा लागतो, पोरींनाही. गोळी आणि चहा यांच्यात निदान दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. दूध आणि कॅल्शियमची गोळीही लोहासोबत नको. कण्याच्या त्रासात कॅल्शियमची गोळी बहुधा चालू असतेच, तर एक सकाळी, एक रात्री असं वाटून घ्या. सोबत काय द्यावं? नागपूरकर असून हा प्रश्न पडावा का? एक संत्रं! त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं मुरतं. संत्र्यांचा हंगाम नसेल तेव्हा लिंबू पिळलेलं पाणी, आवळा किंवा पेरू.

गोळीनं शौचाला काळं होतं. त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळ, पोटात दुखणं, बद्धकोष्ठ यामुळे पोरी गोळ्या हळूच खिडकीबाहेर टाकतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. रागावू नका, डॉक्टरांना सांगा. जेवणानंतर देता येते, प्रकार बदलता येतो. एक दिवसाआड घेतलेली गोळी अंगात जास्त चांगली शोषली जाते, असं स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ साली लोह कमी असलेल्या तरुण बायकांमध्ये दाखवलं. त्यामुळे काही डॉक्टर तसंही देतात. पण मनानं बदल करायचा नाही.

हिमोग्लोबिन साधारण तीन-चार आठवड्यांत एकानं वाढतं. म्हणजे साडेआठाचे बारा व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात. आता कळलं, आदल्या दिवशी तपासून काय उपयोग? वेळ कमी असेल, गोळी सोसवत नसेल, किंवा कमतरता जास्त असेल तर शिरेतून लोह देतात. ते रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्यायचं. त्यानं कोठार लवकर भरतं, पण रक्त बनायला काही आठवडे लागतातच. आकडा बरा झाला की गोळ्या बंद करू नका. कोठार भरायला पुढचे दोन-तीन महिने लागतात. आणि गोळ्यांचं पाकीट लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. चुकून खूप गोळ्या खाल्ल्या तर तान्ह्या-लहानग्यांच्या जिवाला धोका असतो.

मुळात गळती कुठं आहे तेही बघावं लागतं. शेतात अनवाणी चालणाऱ्या पोरींच्या पोटात आकडीजंत असू शकतात, जंताची गोळी विचारून घ्या. आणि पाळी! सात दिवसांपेक्षा जास्त अंगावरून जातं का? दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? गाठी पडतात का? नाकातून वरचेवर रक्त येतं का, दात काढल्यावर फार वेळ वाहिलं होतं का, घरात कुणाला असा त्रास आहे का? हे सगळं सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं. रक्त गोठण्याचा दोष असेल तर तो ऑपरेशनच्या आधी कळला पाहिजे, टेबलावर नव्हे. बाप सोबत आहे म्हणून लेक बोलत नसेल, तर आईनं बोलावं.

ताटात काय पडतं?

"बीट देतो, खजूर देतो, गुळाचा खडा देतो" असं आया सांगतात. द्या, पण त्यावर विसंबू नका. एकदा कमतरता झाली की नुसत्या खाण्यानं दोन महिन्यांत ती भरून निघत नाही. बीट लाल असतं म्हणून त्यानं रक्त वाढतं, हा निव्वळ रंगाचा भ्रम आहे. मसूर, हरभरे, मोड आलेली मटकी, अंबाडीची भाजी, तीळ, जवसाची चटणी हे आपल्या घरातलंच आहे. वर लिंबू पिळा. खात असाल तर अंडं, मटण, कलेजी. मांसाहारातलं लोह जास्त चांगलं शोषलं जातं.

पण इथं एक कडू बोलायला हवं. रविवारी सावजी मटण शिजतं तेव्हा फोडी कोणाच्या ताटात जातात आणि नुसता रस्सा कोणाच्या? पोरगी आईसोबत मागून जेवते, भांड्यात उरलेलं खाते, आणि "मला तेवढं पुरतं" हे आईचंच वाक्य बोलायला शिकते. ऑपरेशनचे पैसे उभे करायला शेत गहाण टाकणारा बापही या ताटाकडे बघत नाही, कारण ते बघणं त्याचं काम आहे असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा सांगा त्याला.

थांबणं म्हणजे नाकारणं नव्हे

तारीख पुढं गेली की घरचे खचतात. पण रक्त वाढवायला एक-दोन महिने थांबणं बहुतेक मुलींच्या बाबतीत सुरक्षित असतं. बाक वेगानं वाढत असेल तर किती थांबायचं ते सर्जन ठरवतात. पायात कमजोरी, बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यातलं काही दिसलं तर मात्र तारखेची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठा. आणि लोह दिलं म्हणजे बाटली लागणारच नाही, असंही कोणी समजू नये. रक्तदाते तयार ठेवायचेच. पण कमी लागावं, शक्य तर लागूच नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

रुग्णालयांनाही दोन शब्द सांगायला हवेत. विदर्भातलीच नव्हे, तर छिंदवाडा-बालाघाटकडचीही माणसं नागपूरला मेडिकल, मेयो, एम्सच्या भरवशावर येतात. एक खेप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते. कण्याचं ऑपरेशन अचानक ठरत नाही, आठवडे-महिने आधी ठरतं. मग रक्ताची तपासणी त्याच दिवशी का होऊ नये? तारखेच्या चिठ्ठीसोबत आकडा, गोळ्या आणि "महिन्याभरानं जवळच्या आरोग्य केंद्रात पुन्हा तपासा" एवढं मराठीत लिहून दिलं तर किती खेपा वाचतील! पुढचं गावात आशाताई बघू शकतात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. हे सगळं मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

त्या दिवशी व्हरांड्यात त्या माउलीला एवढंच सांगितलं, की बाई, ते दोघं रक्त देतील ते वरून घालायचं. खालचं भांडं मात्र तुझ्या पोरीचंच आहे, आणि ते रिकामं असून चालत नाही. तिनं लेकीकडे पाहिलं. म्हणाली, "मंग हे मले तारीख देतानीच काऊन नाही सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हे तुम्हा सगळ्यांना सांगते आहे.

उद्या लेकीची वेणी घालाल तेव्हा क्षणभर तिच्या पाठीकडे बघा. दोन्ही खांदे सारखे आहेत का? कंबर एका बाजूला आत गेली आहे का? पाय जुळवून, गुडघे न वाकवता तिला पुढं वाकायला सांगा, बरगड्यांचा एका बाजूला उंचवटा दिसतो का? दिसला तर डॉक्टरांकडे न्या, ओढणीखाली झाकू नका. आणि डॉक्टरांनी ऑपरेशन म्हटलं, तर रक्तदात्यांना फोन लावण्याआधी तिचं हिमोग्लोबिन विचारा.